रॅपर खरा की खोटा, हे ठरवायचं कसं?

2025 च्या उन्हाळ्यात स्पॉटिफायवर 'द व्हेल्वेट सनडाउन' नावाचा एक बँड एकदम वर आला. सत्तरच्या दशकातल्या रॉकची आठवण करून देणारी गाणी, फोटोत लांब केसांचे चार गडी आणि थोड्याच आठवड्यांत महिन्याला दहा लाखांवर श्रोते. मग उलगडा झाला की फोटोतलं कोणीच अस्तित्वात नाही आणि गाणी एआयने केलेली आहेत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डीझर या ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या फ्रेंच कंपनीने सांगितलं होतं की तिच्याकडे रोज येणाऱ्या नव्या गाण्यांपैकी 18 टक्के गाणी पूर्णपणे एआयची असतात.

आमच्या नागपुरात गाण्यांवरची कुठलीही चर्चा आता एका वाक्यावर येऊन अडते. "फेक आहे बे." आवाजाला ऑटोट्यून, म्हणजे सूर सुधारणारं सॉफ्टवेअर लावलं, फेक. मुंबईवाल्यासारखा बोलला, फेक. बाप सरकारी नोकरीत आणि हा गरिबीवर रॅप करून राहिला, मग तर महाफेक. हा आरोप भावगीतवाल्याला कोणी करत नाही, रॅपरला रोज होतो. कारण 'मी खरं बोलतो' हाच त्याच्या मालाचा मोठा भाग असतो. घोळ एवढाच की भांडणारे पाच जण पाच वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. कोणी आवाजाबद्दल, कोणी शब्दांबद्दल, कोणी वस्तीबद्दल. म्हणून एकेक धागा वेगळा करून बघू.

## आधी पाटी वाचा

नागपुरात 'सावजी' अशी पाटी कुठे नाही? मुळात हे हलबा कोष्टी समाजातल्या विणकरांच्या घरचं जेवण. आज ती पाटी महामार्गावरच्या ढाब्यापासून थेट पुण्यापर्यंत पोचली आहे. आता यातलं खरं सावजी कोणतं? एक म्हणेल, मालक सावजीच पाहिजे. दुसरा म्हणेल, मालक कोणी का असेना, मसाला घरचा पाहिजे. तिसऱ्याला रश्श्यावर तवंग दिसला आणि नाकातून पाणी आलं की झालं. चौथ्याच्या मते नागपूर सोडलं की सावजी संपलं. चौघांचंही म्हणणं आपापल्या जागी रास्त आहे. पण शेजारच्या शुद्ध शाकाहारी हॉटेलात शिरून "हे सावजी नाही" म्हणून कोणी भांडत नाही. त्या बिचाऱ्याने तसा दावाच केलेला नसतो.

गाण्यातही आधी पाटी वाचावी लागते, म्हणजे या माणसाने दावा नेमका कशाचा केला ते बघावं लागतं. एक जुनी गोष्ट सांगतो. 'मिली व्हॅनिली' या जोडीला 1990 मध्ये नवोदित कलाकाराचं ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षाच्या शेवटी कळलं की रेकॉर्डवर ते दोघं गायलेच नव्हते, दुसऱ्यांच्या आवाजावर नुसते ओठ हलवत होते. ग्रॅमी परत घेतलं गेलं, नाचक्की झाली ती वेगळीच. आता आपल्याकडे बघा. पडद्यावर नटी ओठ हलवते, आवाज लताबाईंचा, आणि आजवर एकाही प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. काम तेच, पण आपल्या पाटीवर 'पार्श्वगायन' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. नागपुरातच राहून गेलेल्या सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल आणि लताबाईंचा आवाज, अशी तिघांची तीन कामं आपण पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळी मोजत आलो. त्यामुळे 'स्वतः लिहिलं नाही म्हणजे खोटा' हा नियम आपल्या कानांना तसा नवाच आहे.

## मग रॅपमध्येच एवढा आग्रह का?

कारण रॅपमध्ये सूर कमी आणि बोलणं जास्त. तालावर, यमकं जुळवत बोलायचं, आणि बोलायचं ते 'मी' म्हणून. चाल काढून घेतली, गळ्याची फिरत काढून घेतली, तर उरतात शब्द आणि ते म्हणायची लकब. ते शब्दच दुसऱ्याचे निघाले तर ऐकणाऱ्याला फसल्यासारखं वाटणारच. पडद्यामागून लिहून देणाऱ्याला घोस्टरायटर म्हणतात आणि या जगात ती जवळजवळ शिवी आहे.

तरी या संगीताच्या पहिल्या मोठ्या यशातच भेसळ होती. 1979 मध्ये 'रॅपर्स डिलाइट' नावाचं गाणं आलं आणि रॅप ही चीज पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या वस्त्यांबाहेर घरोघरी पोचली. ते गाणाऱ्या तिघांपैकी बिग बँक हँकने आपल्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या दुसऱ्या रॅपरच्या वहीतून घेतल्या होत्या. घेतल्या त्याही इतक्या बेफिकिरीने की कॅझने स्वतःचं टोपणनाव अक्षर-अक्षर करून सांगितलेली ओळसुद्धा जशीच्या तशी राहिली. चोराने घरमालकाच्या नावाची पाटीही उचलून आपल्या दारावर ठोकली, म्हणा ना.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. संतांची वचनं मोडून-तोडून आपल्या नावावर खपवणाऱ्या सालोमालोवर तुकोबा साडेतीनशे वर्षांपूर्वीच चिडलेले आहेत.

पण इथेही पाटी बघा. डॉ. ड्रेच्या 1999 च्या गाजलेल्या 'स्टिल डी.आर.ई.' चे शब्द जे-झीने लिहिले, हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही. ड्रेची ख्याती संगीत रचणारा म्हणून, लिहिणारा म्हणून तो मिरवलाच नाही. उलट 2015 मध्ये मीक मिल या रॅपरने ड्रेक या दुसऱ्या रॅपरवर दुसऱ्याकडून लिहून घेतल्याचा आरोप केला, तो डाग अजून पुसला गेलेला नाही. ड्रेक स्वतःला मोठा रॅपर म्हणवत होता, म्हणून तो लागला.

## "पण हे सगळं अमेरिकेचंच ना? आपल्या पोट्ट्यांनी नक्कल कायले करावी?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. विचारणारे बहुधा जीन्स घालून आलेले असतात, पण ते सोडा.

रॅप ज्यातून आला त्या हिप हॉपचा जन्म 11 ऑगस्ट 1973 चा धरतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्कच्या बहिणीने शाळा सुरू होण्याआधी पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट. हर्कच्या लक्षात आलं होतं की लोक सगळ्यात जास्त नाचतात ते गाण्यात नुसता ढोल-ताशा उरतो त्या तुकड्यावर. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो तुकडा लांबवत नेला. हा हर्क मूळचा जमैकाचा, बारा वर्षांचा असताना अमेरिकेत आलेला. मोठाले स्पीकर रस्त्यावर लावायची आणि संगीतावर बोलायची रीत तिकडची. रेकॉर्ड दुसऱ्यांच्या, स्पीकरची हौस जमैकाची, जागा ब्राँक्सची. म्हणजे ज्याला आपण 'मूळ' समजतो तेच उसनवारीवर उभं आहे. पुढे जुन्या गाण्याचा तुकडा कापून नव्यात वापरायचा, म्हणजे सॅम्पल घ्यायचा, हा या संगीताचा रीतसर पायाच झाला.

उसनं घेतलं म्हणून चळवळ खोटी ठरत नाही, हे तर नागपूरला कोणी शिकवायला नको. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं होतं. पण राग इथला होता, भाषा इथली होती आणि मार खाणारेही इथलेच होते.

शिवाय भर मंडपात दुसऱ्याला पद्यातून उघडं पाडणं आपल्याला परकं कुठे आहे? शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात शक्तीला थोर मानणारे कलगीवाले आणि शिवाला थोर मानणारे तुरेवाले रात्ररात्र सवाल-जवाब करत. उत्तर सुचलं नाही की हार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या रस्त्यावरून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, निघतात. त्यांच्यासोबतच्या बडग्यांवर, म्हणजे आणखी पुतळ्यांवर, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत ज्याची खेचायची त्याची खेचलेली असते, आणि मागून "घेऊन जा गे मारबत" चा ओरडा. ते बघत मोठ्या झालेल्या पोराला रॅपमधली जुगलबंदी समजावून सांगावी लागत नाही. मात्र 'रॅप हे आपलंच, अमेरिकेने चोरलं' असलं काही कोणी म्हणायला लागला तर त्याच्याही नादी लागू नका. नातं लागतं, बाप एक नाही.

## बोलतो कसा, राहतो कुठे

मुंबईत डिव्हाइन आणि नेझी या रॅपरांचं 'मेरे गली में' 2015 मध्ये आलं, त्या दुनियेवरचा 'गली बॉय' हा सिनेमा 2019 मध्ये आला, आणि देशभरच्या पोरांना वाटू लागलं की रॅपची भाषा म्हणजे मुंबईच्या चाळीची भाषा. पुढे पुण्याच्या वस्तीतली बोली घेऊन आलेला एमसी स्टॅन 2023 मध्ये थेट 'बिग बॉस' जिंकला. मग नागपूरच्या पोट्ट्याने कसं बोलायचं?

नागपूरच्या इंदोरा भागात एका घराच्या वरच्या खोलीत रेकॉर्डिंग चालतं, तिथे मी मे महिन्यात जाऊन बसलो होतो. भिंतीला दोन गाद्या उभ्या टेकवलेल्या, त्यांच्यामध्ये माइक. कूलर बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. बाहेर पंचेचाळीसचा पारा. पोरगा चार ओळी म्हणायचा, थांबायचा, बनियनने तोंड पुसायचा, पुन्हा शेवटच्या दोन ओळी म्हणायचा. पूर्ण कडवं एका दमात कोणीच म्हणत नाही. चुकलेली जागा तेवढी पुन्हा म्हणून शिवतात, त्याला पंच-इन म्हणतात. दर दोन कडव्यांनी सगळे कूलरसमोर धावायचे.

त्याच्या पहिल्या ओळीत 'अपुन' होतं. कॉम्प्युटरवर बसलेला मित्र म्हणाला, "तू घरी अपुन म्हणतं का बे?" झालं, अर्धा तास वाद. मग त्याने तीच ओळ 'मले-तुले' घालून म्हटली. मित्र पुन्हा हसला, "हे तर तुझी आजी बोलते." तेही खरंच होतं. तो पोरगा दिवसभर बोलतो ती नागपुरी हिंदी, मध्ये मध्ये मराठी, घरी आईशी थोडी वऱ्हाडी छटा. शेवटी ओळ तशीच सरमिसळ झाली, आणि त्यात 'करून राहिला बे' आल्यावर तालाची जागाही बदलली. वाक्य लांबतं ना, मग यमक एक मात्रा पुढे सरकतं. ती लचक मुंबईच्या रॅपमध्ये मिळणार नाही.

वस्तीचा खरेपणा मला असा दिसतो. धरमपेठेतल्या पोराने बंगल्याच्या गच्चीवरून वस्तीचे हाल गाणं जितकं अवघड, तितकंच इंग्रजी शाळेत शिकलेल्याने एका रात्रीत शुद्ध वऱ्हाडी होणं अवघड. बोलीसुद्धा वेष म्हणून चढवता येते. धरमपेठेतल्या पोराला रॅप करायला मनाई नाही, त्याने ट्यूशन, जेईई आणि बापाच्या अपेक्षांवर करावा की. तो नरक काय कमी आहे?

## गाण्यातला 'मी' किती खरा मानायचा?

गझलेत कवी शंभरदा मरतो आणि दुसऱ्या दिवशी मुशायऱ्याला हजर असतो. कोणी मृत्यूचा दाखला मागत नाही. रॅपमधल्या बंदुका, गाड्या, दुश्मन हे मात्र लोक शब्दशः घेतात आणि रॅपरही तसं घेऊ देतात, कारण त्यावर माल खपतो. रिक रॉस हा अमेरिकी रॅपर मादक पदार्थांच्या धंद्याचा सम्राट म्हणून गायचा. 2008 मध्ये त्याचे तुरुंगरक्षकाच्या गणवेशातले फोटो बाहेर आले. म्हणजे तो तुरुंगात होता खरा, पण गजांच्या दुसऱ्या बाजूला. गंमत म्हणजे त्याचं दुकान बंद पडलं नाही. लोकांनी ते पात्र आहे असं मानून घेतलं आणि ऐकत राहिले.

हा सगळा प्रकार हसण्यावारी नेता येत नाही तो कोर्टामुळे. अमेरिकेत रॅपच्या ओळी गुन्ह्याचा पुरावा म्हणून वापरल्या जातात. ते आवरण्यासाठी कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये कायदा केला. आपल्याकडे एप्रिल 2023 मध्ये राजकीय रॅप केला म्हणून महाराष्ट्रातल्या दोन रॅपरांवर गुन्हे दाखल झाले. म्हणजे पोलीस रॅपरचा 'मी' फार गंभीरपणे घेतात. श्रोत्यांनी मात्र पात्र आणि माणूस यांत फरक करायला शिकलेलं बरं.

## ऑटोट्यून

हे थोडक्यात सांगून टाकतो. ऑटोट्यून म्हणजे बेसूर लागलेला स्वर जागेवर आणणारं सॉफ्टवेअर. ते 1997 मध्ये अँडी हिल्डेब्रँड यांनी आणलं. त्याआधी हे गृहस्थ जमिनीखालच्या लहरींवरून तेल शोधण्याच्या कामात होते. 1998 मध्ये शेर या गायिकेने ते इतकं ताणून वापरलं की आवाज यंत्रासारखा झाला आणि तीच फॅशन झाली. उघड लावलेलं ऑटोट्यून मला पेटीसारखंच एक वाद्य वाटतं. 'लाइव्ह' म्हणून तिकीट विकून आतून रेकॉर्ड वाजवली तर मात्र पैसे परत मागा.

## एआय आल्यावर काय बदललं?

आजवर आवाज हा तरी माणसाच्या अंगाचा भाग होता. शब्द उसने, चाल उसनी, पण गळा ज्याचा त्याचा. एआयने तोही सुटा केला. एप्रिल 2024 मध्ये ड्रेकने एका गाण्यात 1996 मध्येच मारल्या गेलेल्या टुपॅक या रॅपरचा आवाज एआयने वापरला. वारसांनी नोटीस पाठवली आणि गाणं काढावं लागलं. जुलै 2024 मध्ये अरिजित सिंगच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने परवानगीशिवाय एआयने त्याचा आवाज वापरायला मनाई केली. ही बाजू सरळ आहे. दुसऱ्याचा गळा न विचारता वापरणं म्हणजे त्याच्या नावाची पाटी चोरणं, आणि गेलेल्या गायकांच्या आवाजातली नवी भजनं व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलणाऱ्या आपल्या काका-मावशांनाही हे एकदा सांगायला हवं.

अवघड प्रकरण वेगळं आहे. मिसिसिपीतल्या टेलिशा जोन्स कविता लिहितात. त्या कविता त्यांनी सुनो नावाच्या एआय साधनातून गाऊन घेतल्या, गायिकेला 'झानिया मोने' असं नाव दिलं, आणि 2025 मध्ये ती गाणी बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आली. शब्द त्यांचे, आयुष्य त्यांचं, गळा कोणाचाच नाही. हे खोटं म्हणायचं का? पार्श्वगायनावर वाढलेल्या माणसाला लगेच 'हो' म्हणता येत नाही. माझा आक्षेप दुसरीकडे आहे. असं साधन शिकतं ते हजारो खऱ्या गळ्यांवरून, आणि त्या गळ्यांना विचारलं गेलं का, पैसे मिळाले का, यावरूनच बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी जून 2024 मध्ये सुनो आणि तसंच दुसरं साधन असलेल्या उडिओवर दावे ठोकले. पुढे काहींनी त्यांच्याशीच करार केले. कंपन्यांचं समाधान झालं म्हणजे गायकांचं झालं असं नव्हे.

## "मला गाणं आवडलं, विषय संपला"

ऐकणाऱ्यापुरता संपला, खुशाल ऐका. पण नाव कोणाचं लागतं यावर पैसा कोणाकडे जातो हे ठरतं. 2021 मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे तमिळ गाणं देशभर वाजलं. त्यातली कथा अरिवू या दलित रॅपरच्या आजीची, चहाच्या मळ्यात राबलेल्या माणसांची. त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाने त्या गाण्याच्या यशावर मुखपृष्ठ केलं आणि त्यावर अरिवूच नव्हता. आवाज खरा, शब्द खरे, दुःख खरं, फक्त फोटो दुसऱ्यांचे. मला हा खोटेपणा कुठल्याही ऑटोट्यूनहून मोठा वाटतो.

इंदोऱ्यातल्या त्या खोलीतही हा प्रश्न होताच. तिथलं संगीत यूट्यूबवरून घेतलेलं 'टाइप बीट' होतं, म्हणजे एखाद्या नामवंताच्या शैलीत परदेशातल्या कोणीतरी करून विकायला ठेवलेलं तयार संगीत. त्यात काही गैर नाही. पण फुकट उतरवलेलं बीट बहुधा फक्त सरावापुरतं असतं. स्वस्तातलं लीज, म्हणजे वापरायची मर्यादित परवानगी, घेतलं तर तेच बीट आणखी पन्नास जण वापरू शकतात आणि ठरावीक स्ट्रीमनंतर नवीन लीज घ्यावं लागतं. पूर्ण हक्क हवेत तर एक्सक्लुझिव्ह घ्यावं लागतं, ते महाग पडतं. शब्द मात्र तुमचे असतील तर ते तुमचेच. 2012 च्या दुरुस्तीनंतर भारतीय कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला आहे आणि तो गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे. तेव्हा बीट घेताना मिळालेली लीजची पीडीएफ मेलमध्ये जपून ठेवा, गाणं टाकताना गीतकार म्हणून स्वतःचं कागदपत्रांवरचं नाव भरा, आणि बीट करणाऱ्याचंही नाव लिहा.